मंगळवारी काहीही घडले नाही

शाळेच्या जिन्यात, एक पाय वरच्या पायरीवर आणि एक खालच्या, अशी असताना फोन थरथरला आणि मला कळलं की काल शेवटच्या तासाला माझ्या वर्गात काहीही घडलं नाही. अगदी याच शब्दांत. "मंगळवार, सहावी, भाषा, शेवटचा तास : काहीही घडले नाही." पुढे लाल ठिपका. आणि खाली, बारीक अक्षरात, खास माझ्यासाठी वाचनाची शिफारस : 'झोपलेला वर्ग जागा कसा करावा', 'शिक्षकाचा आवाज : हरवलेला आणि सापडलेला', 'थकवा वेळीच ओळखा'. तिसऱ्या नावापाशी मी थबकले. मागून मुलं येत होती, दप्तरांचे धक्के लागत होते, एक मुलगी "बाई, जिना तुंबलाय" असं म्हणालीही, आणि मी आपली तिथंच उभी. थकवा? मला? काल संध्याकाळी तर मी गुणगुणत घरी गेले होते. कोपऱ्यावरच्या फळवाल्यानं विचारलंसुद्धा, काय बाई, आज स्वारी एवढी खुशीत का. मी त्याला म्हटलं होतं, अहो, काही नाही. आता वाटलं, यंत्राचं आणि माझं तेवढ्यापुरतं एकमत आहे.

हे यंत्र म्हणजे वर्गाच्या छताला चिकटवलेली बशीएवढी काळी चकती. ती तास ऐकते. बाई किती बोलल्या, मुलं किती बोलली, प्रश्न किती विचारले, उत्तरं कुठल्या कोपऱ्यातून आली, याचा हिशेब करते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक शिक्षकाला एक ठिपका पाठवते, हिरवा, पिवळा नाही तर लाल. आणि ठिपक्याबरोबर, सुधारणा व्हावी म्हणून, काय वाचावं ते सुचवते. मुलांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव कानोबा ठेवलं. "कानोबा, बाईंना सांगा ना, आज गृहपाठ नको," असं ती छताकडे बघून हात जोडून म्हणतात. मी काही यंत्राच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांतली नाही. उलट याच कानोबानं मला महिन्याभरापूर्वी दाखवून दिलं होतं की मी सगळे प्रश्न खिडकीकडच्या रांगेला विचारते आणि भिंतीकडची रांग वर्ष वर्ष कोरडी राहते. इतकी वर्षं शिकवतेय, कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं सुचवलेला लेखही मी वाचला, आवडला, आणि उभी राहण्याची जागा बदलली. भिंतीकडच्या रांगेत एक असा विनोदी मुलगा निघाला की आता त्याला आवरताना नाकी नऊ येतात. म्हणजे कानोबाचं माझ्यावर उपकार म्हणावे असं ऋण होतं, आणि म्हणूनच तो लाल ठिपका मला लागला. परक्यानं म्हटलं असतं तर मी खांदे उडवून वर्गात गेले असते.

मंगळवारचा शेवटचा तास वाचनाचा. वाचनाचा म्हणजे, खरोखर वाचायचं. मोठ्यानं नाही, आळीपाळीनं नाही, नंतर प्रश्नोत्तरं नाहीत. ज्यानं त्यानं आपलं पुस्तक काढायचं आणि घंटा होईपर्यंत त्यात राहायचं. मी टेबलाशी बसत नाही. टेबलाशी बसलं की मी पहारेकरी होते. मी शेवटच्या बाकावर, उंच मुलीच्या शेजारी, माझं पुस्तक घेऊन बसते. वर्षाच्या सुरुवातीला हा तास म्हणजे नुसती चुळबुळ होती : पाणी पिऊन येऊ का, पुस्तक बदलू का, याचं पेन माझ्याकडे आलं. मग हळूहळू, कधी ते सांगता येणार नाही, एका मंगळवारी मी पान उलटताना मान वर केली आणि पाहिलं तर कुणीच वर्गात नव्हतं. सगळी होती, बाकांवर होती, एकीची वेणी सुटली होती, एकाच्या बुटाची नाडी लोंबत होती, पण वर्गात कुणी नव्हतं. जो तो आपापल्या पुस्तकात निघून गेला होता. मला इतका आनंद झाला की मी पुन्हा वाचू शकले नाही, नुसती बघत बसले. पहिल्यांदा पोहायला सोडलेलं मूल हात सोडून पुढे गेलेलं बघावं तसं झालं. आणि काल, काल तर तो तास त्याहून सुंदर होता. त्याला हा म्हणतो, काहीही घडले नाही.

हजेरी घेताना, फळ्यावर तारीख लिहिताना, डबा खाताना ते शब्द माझ्या मागे मागे येत राहिले. घडणं म्हणजे तरी काय, असं मी मनाशी भांडत होते. वडील आठवले. वडील छापखान्यात मशीनवर होते. दिवसभर ते धडधडणारं धूड त्यांच्या कानाशी असायचं, आणि माझ्या शाळेची चार-पाच वर्षं होईपर्यंत त्यांचे दोन्ही कान जवळजवळ गेले होते. घरी यायचे, हातपाय धुवायचे, आणि बाकाच्या डाव्या टोकाला बसायचे. हा बाक छापखान्यानं मोडीत काढला तेव्हा त्यांनी उचलून आणलेला, लांबलचक, शाईचे डाग पडलेला, आमच्या बाहेरच्या खोलीची अर्धी भिंत खाणारा. आई त्याला 'तुमचा हत्ती' म्हणायची. डाव्या टोकाला वडील, उजव्या टोकाला मी. वाचनालयातून एका वेळी एकच पुस्तक मिळे. ते आधी वडील वाचत आणि मग माझ्याकडे देत, आणि स्वतः वर्तमानपत्र उघडून बसत. घरात आवाज म्हणावा तर आईच्या भांड्यांचा. मी वाचत वाचत कुठल्याशा गमतीच्या जागी येई, आणि हसू दाबायचा प्रयत्न करी, कारण शेजारचं बाळ भिंतीपलीकडेच झोपलेलं असे. मी तोंडावर हात ठेवून हसत असे. आणि वडील, ज्यांना दारावरची थापसुद्धा ऐकू येत नसे, वर्तमानपत्रातून डोळे न काढता, कान गेलेल्या माणसाच्या त्या भल्यामोठ्या आवाजात विचारत, "आलीस का तिथं?" झालं, पलीकडे बाळ भोकाड पसरे, आई पदराला हात पुसत बाहेर येई आणि म्हणे, "अहो, हळू! त्या पोराला आत्ता कुठं डोळा लागला होता." आणि आम्ही दोघं आणखीच हसू लागायचो.

मला कित्येक वर्षं वाटायचं की वडिलांना मनातलं ओळखता येतं. मैत्रिणींना मी तसं अभिमानानं सांगतही असे. मग कधीतरी, बरीच मोठी झाल्यावर, मी त्यांना विचारलं की तुम्हाला कळतं कसं. ते आधी काही बोलेचनात, जादूगारानं पेटी उघडायला नको म्हणावं तसे. मग म्हणाले, "अगं, बाक हलतो." एवढंच. वर्तमानपत्र हे निमित्त होतं. ते वाट बघत बसलेले असत, मी कधी तिथं पोहोचते त्याची. ते तिथून आधीच जाऊन आलेले होते आणि मी येईपर्यंत त्यांची गंमत अर्धी राहिलेली असे. त्या वेळी एखादं यंत्र आमच्या छताला असतं तर त्यानं रोजच्या रोज लाल ठिपका दिला असता, आणि वडिलांना वाचायला सुचवलं असतं, 'मुलीशी संवाद कसा साधावा'. हे मनात आलं आणि मला डबा खाता खाता ठसका लागला.

शिक्षकांच्या खोलीत मी ठिपक्याचं बोलले तेव्हा गणिताचे सर खो खो हसले. सरांचा ठिपका कायम हिरवा असतो. त्याचं गुपित साऱ्या शाळेला ठाऊक आहे : सर प्रत्येक वाक्यानंतर "हो की नाही?" म्हणतात आणि वर्ग "होऽऽ" म्हणतो. त्रिकोणाला तीन बाजू असतात, हो की नाही? होऽऽ. कानोबाला वाटतं, केवढी चर्चा चाललीय. सर काही लबाड नाहीत, ही त्यांची यंत्राच्या आधीपासूनची सवय आहे, घरीसुद्धा ते तसेच बोलतात असं त्यांच्या सौ. सांगतात. "बाई, तुम्ही एवढं मनाला काय लावून घेता?" ते म्हणाले. "मधे मधे काहीतरी विचारत जा. कुठपर्यंत आलात, कसं वाटलं, हो की नाही? कानोबाचं पोट भरलं की तुम्ही मोकळ्या." मी हसले, पण तेवढ्यात मोठ्या बाई दारात आल्या. आमच्या मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाईच म्हणतात. त्यांच्या हातात नेहमी किल्ल्यांचा जुडगा असतो आणि तो वाजला की समजावं, आता कुणाला तरी काम लागणार. मोठ्या बाई वाईट नाहीत, घाईत आहेत. शाळेचं छप्पर, मुलांच्या बस, पालकांचे फोन, सगळं त्यांच्या एकटीच्या डोक्यावर, आणि कानोबा त्यांना आवडतो कारण तो न विचारता सांगतो. "तुमच्या मंगळवारचं बघितलं मी," त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या. "असाच लाल राहिला तर तो तास ठेवता येणार नाही हो. सत्र बदलताना त्या जागी संभाषणाचा वर्ग घेऊ या. पुढच्या शनिवारी सभा आहे, तेव्हा नक्की करू. आणि हो, सगळ्यांना सांगतेय, सभेला येताना प्रत्येकानं शिक्षकांनी वाचावं असं काहीतरी सुचवायचं. नुसतं कानोबावर सोडायचं नाही." किल्ल्या वाजवत त्या गेल्या. वर्षभर एकेक करून आत गेलेली ती सगळी मुलं, त्यांना आता मी बाहेर बोलावून आणायची होती, संभाषणासाठी.

आणि मग मी तेच केलं, जे करू नये. पुढच्या मंगळवारी मी माझं पुस्तक पिशवीतच ठेवलं आणि वर्गात फिरू लागले. मुलं आत शिरतायत न शिरतायत तोच मी विचारलं, "कोण कुठपर्यंत आलं?" दहा-बारा डोकी वर आली, पाण्यातून वर आल्यासारखी, डोळे मिचकावत. उत्तरं मिळाली. पुन्हा डोकी खाली गेली. मी पुन्हा विचारलं, "कुणाला कोण आवडलं?" पुन्हा डोकी वर. मला माझा आवाज ऐकू येत होता, टवटवीत, उत्साही, दुकानदाराचा असतो तसा, आणि मी मधेच छताकडे बघत होते. तिसऱ्या खेपेला डोकी खाली गेलीच नाहीत. मुलांनी पुस्तकात बोटं घालून ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली, आता काय विचारणार म्हणून. भिंतीकडचा तो विनोदी मुलगा फार अदबीनं म्हणाला, "बाई, तुम्हाला बरं नाही का?" आणि उंच मुलगी शेवटच्या बाकावर माझी जागा सोडून, एका बाजूला सरकून बसली होती. ती मोकळी जागा मला तासभर दिसत होती. घंटा झाली तेव्हा मुलं नेहमीसारखी दचकली नाहीत. नेहमी ती दचकतात, एखादं तर "इतक्यात?" म्हणून ओरडतं. त्या दिवशी सगळ्यांची दप्तरं आधीच भरलेली होती.

बुधवारी सकाळी त्याच जिन्यात फोन थरथरला. हिरवा ठिपका. "अभिनंदन! वर्ग जागा आहे." आणि शिफारस, 'आपले यश इतरांना कसे सांगावे'. मी रेलिंग धरून उभी राहिले. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो संताप, आणि तोही स्वतःचा, आणि मग मजा अशी की त्या संतापानं मला एकदम बरं वाटलं. घरी गेले तेव्हा नवरा दुकानातून नुकताच आला होता. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, आणि दुकानातून आल्यावर पहिली काही मिनिटं तो माझ्याकडेही तपासायच्या नजरेनं बघतो. "काय गं, तोंड का एवढंसं?" मी सगळं सांगितलं. हिरव्या ठिपक्याचंही सांगितलं. त्यानं चहा गाळता गाळता ऐकलं आणि म्हणाला, "माझ्या दुकानात लोक भिंतीवरची अक्षरं मोठमोठ्यानं वाचून दाखवतात. पण म्हणून मी काय समजतो, हे घरी जाऊन असंच वाचत बसणार? अगं, ते मला कळावं म्हणून मोठ्यानं असतं." मी म्हटलं, "मग मोठ्या बाईंना कसं कळावं?" तो म्हणाला, "ते मला नको विचारू, मी आपला नंबर काढून देतो." आणि कप पुढे केला. मग एकदम आठवल्यासारखं म्हणाला, "पण काय गं, तो तुमचा कानोबा ऐकतो म्हणतेस. ऐकलेलं ठेवतो कुठं?"

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी संगणकाच्या मॅडमकडे गेले. त्या माझ्याच वयाच्या, यंत्रांशी घरातल्या मांजरांशी बोलावं तशा बोलणाऱ्या. संगणकाच्या खोलीत त्यांनी मनीप्लँटचा वेल असा वाढवलाय की यंत्रं कुठली आणि पानं कुठली ते कळू नये. "ठेवतो की, महिनाभर ठेवतो," त्या म्हणाल्या. "तुमच्याआधी कुणी ऐकायला आलं नाही, एवढंच. ठिपका मिळाला की झालं सगळ्यांचं." त्यांनी तो पहिला मंगळवार शोधला. पडद्यावर एक सरळ रेघ आली, इकडून तिकडे, कडेला जराशी केसाळ. "हा तुमचा तास. दोरीसारखा सपाट आहे बघा. ही बारीक कुसळं दिसतात ना, त्यांना यंत्र धरतच नाही." मी म्हटलं, "मोठं करता येईल?" त्यांनी आवाज वाढवत नेला, आणखी वाढवला, आणि कानाला लावायच्या तारेचं एक टोक मला दिलं, एक आपण घेतलं. डोक्याला डोकं लावून आम्ही ऐकू लागलो.

आधी नुसती सळसळ. मग ती सळसळ सुटी व्हायला लागली. पानं. इथं एक, तिथं एक, मग तिघांची एकदम. कुणाचं तरी वाहतं नाक, ओढलेलं. पेन्सिल पडली, घरंगळली, कुणी उचललीच नाही. दूर मैदानावरची शिट्टी. कुणीतरी मोठा श्वास घेतला आणि सोडायचं विसरलं. मी ओळखत होते : तो श्वास चष्मेवालीचा, तिच्या पुस्तकात तेव्हा जहाज बुडत होतं. मग अगदी जवळ, एक हसू. दाबलेलं, नाकातून निसटलेलं. मग दुसरा आवाज, कुजबुजीतला, "काय? काय झालं?" आणि पहिला आवाज, "थांब. तू येशीलच तिथं." पुन्हा सळसळ. संगणकाच्या मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, थांबा म्हणून. दोघी मुली, पुढचा बाक, एकाच पुस्तकाच्या दोन प्रती दोघींकडे, एक चार पानं पुढे. त्या पुस्तकात एक बकरी आहे, एवढंच सांगते. आम्ही ऐकत राहिलो. पान. मोठा विराम. पान. मधल्या सुट्टीचा बाहेरचा गोंगाट मला ऐकू येईना. आणखी एक पान. आणि मग ते आलं, दुसरं हसू, फुटलंच, आणि त्याच क्षणी पहिलीचंही, ती वाट बघत बसलेली होती म्हणून. माझे डोळे भरून आले. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, आणि मी त्या वेलांच्या खोलीत बसून बाकाचं हलणं ऐकत होते. संगणकाच्या मॅडम म्हणाल्या, "अय्या! पोहोचली!" आणि मग, "बकरीचं पुस्तक आहे कुठं हो तुमच्याकडे?"

शनिवारची सभा माझ्याच वर्गात भरवायची असं मी मोठ्या बाईंना सांगितलं. का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मला ऐकवायचंय आणि तिथला भोंगा चांगला आहे, असं म्हटलं. खरं तर मला सगळ्यांना त्या बाकांवर बसलेलं बघायचं होतं. बसले. गणिताचे सर पहिल्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन, विज्ञानाच्या बाई खिडकीशी, मोठ्या बाई उभ्या, हातात किल्ल्या. एकेकानं आपापली शिफारस सांगितली. कुणी फळ्याच्या नव्या तंत्रावरचं पुस्तक, कुणी मुलांच्या मनावरचं, सरांनी कोड्यांचं एक जुनं पुस्तक सांगितलं आणि त्यातलं एक कोडंही घातलं, जे कुणालाच सुटलं नाही, सरांनाही. मग माझी पाळी. मी म्हटलं, "मी जे सुचवतेय ते छापलेलं नाही. पण शिक्षकांनी ते वाचावं असं मला वाटतं. जरा लांबलचक आहे आणि सुरुवातीला काही घडत नाही." आणि संगणकाच्या मॅडमना खूण केली.

सळसळ सुरू झाली. लोक एकमेकांकडे बघू लागले. विज्ञानाच्या बाईंनी भोंगा बिघडलाय का म्हणून मान वळवली. हे जमलं नाही तर तास गेला, आणि वर मी साऱ्या शाळेत खुळी ठरणार. मोठ्या बाईंनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. मग पेन्सिल पडली आणि घरंगळली, आणि सरांनी चक्क आपल्या बाकाखाली वाकून बघितलं. कुणीतरी फिसकन हसलं. मग तो श्वास. मग हसू, आणि "काय? काय झालं?" आणि "थांब. तू येशीलच तिथं." त्यानंतर खोलीत कुणी हललं नाही. सगळे ऐकू लागले होते. मोठे, पोक्त, दिवसाला सहा सहा तास बोलणारे लोक, मान जराशी तिरकी करून, एका मुलीच्या पान उलटण्याची वाट बघत होते. एक पान उलटलं. सर पुटपुटले, "आता." नाही आली. मोठ्या बाईंच्या हातात किल्ल्या होत्या, त्या वाजू नयेत म्हणून त्यांनी मूठ घट्ट मिटली, ते मी पाहिलं. आणखी एक पान. आणि हसू फुटलं, दोघींचं, आणि त्याबरोबर सबंध सभेचं. सरांनी बाकावर थाप मारली, "पोहोचली! हो की नाही?" आणि आम्ही सगळे, सगळे, मुलांसारखे ओरडलो, "होऽऽ!"

मोठ्या बाई कधी बाकावर बसल्या ते मला दिसलं नव्हतं. त्या बसलेल्या होत्या. हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "एवढं काय होतं हो त्या पुस्तकात?" मी म्हटलं, "एक बकरी आहे. पुढचं सांगण्यासारखं नाही. तिथवर चालत जावं लागतं." तासाचं त्या काही बोलल्या नाहीत. सभा आटोपली, चहा झाला, आणि मी घरी गेले ती अर्धी आनंदात, अर्धी टांगणीला लागलेली.

रविवारी कानोबालाही सुट्टी, म्हणून सोमवारी सकाळी, जिन्यात, फोन थरथरला. शनिवारची सभा वर्गात झाली होती आणि छताची चकती बंद करायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. "शनिवार, सहावी, सभा : बराच वेळ काहीही घडले नाही. शेवटी गोंधळ." लाल ठिपका. मी जिन्यातच मोठमोठ्यानं हसत सुटले. वरच्या मजल्याच्या कठड्यावरून मोठ्या बाई वाकून बघत होत्या. त्यांच्याही हातात फोन. "मलाही आलंय," त्या वरून म्हणाल्या. "मला काय वाचायला सुचवलंय माहितीये? 'सभा कशी चालवावी'!" मग आवाज खाली आणून, जवळजवळ लाजून, म्हणाल्या, "ते राहू दे. उद्या शेवटच्या तासाला मी येऊ का? बकरीचं पुस्तक घेऊन?"

आल्या. किल्ल्या कार्यालयात ठेवून आल्या होत्या. शेवटच्या बाकावर उंच मुलगी सरकली, मी सरकले, आणि मोठ्या बाई माझ्या शेजारी बसल्या. पहिली काही पानं त्यांनी दर ओळीला मान वर केली, दाराकडे बघितलं, घड्याळ बघितलं. मग कमी. मग बघेनाशा झाल्या. मी माझं पुस्तक उघडून बसले होते, पण खरं सांगते, एक ओळ वाचली नाही. वर्गात फारसं कुणी वाचत नव्हतं. बकरीपर्यंत जाऊन आलेली सगळी मुलं, आणि एव्हाना निम्मा वर्ग जाऊन आला होता, पुस्तकावरून डोळे तिरके करून मोठ्या बाईंच्या अंगठ्याकडे बघत होती, तो कुठल्या पानावर आहे त्याकडे. पुढच्या बाकावरच्या दोघींनी एकमेकींचा हात धरला होता. विनोदी मुलानं तोंडात रुमाल कोंबला होता. छतावर कानोबा ऐकत होता, आणि त्याला ऐकायला काही नव्हतं. मी श्वास धरला. मोठ्या बाईंनी पान उलटलं.

आधी काहीच झालं नाही. मग, माझ्याखाली, बाक हलला.